राणीच्या जागी

"गुहा पुठ्ठ्याची आहे," एवारिस्तोमास्तर जरा मोठ्यानंच म्हणाले.

"पापा, हळू बोला ना."

"हळू कशाला? सगळ्यांनाच दिसतंय."

दिसत होतंच. दुपारच्या खेळाला आलेली तीस-चाळीस माणसं पहिल्या पंधरा मिनिटांतच चेकाळली होती. राक्षसाच्या कातड्याखालून रबरी बूट दिसले, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, याला बस गाठायचीय, सोडा त्याला!"

नेलिदा हसली नाही. दोन वर्षं ती या सिनेमाची वाट बघत होती.

आवेयानेदा गावातल्या क्लबात दोघं बापलेक तलवारबाजी शिकवायचे. परदेशी कंपनी ब्युनोस आयर्सला चित्रीकरणासाठी आली, तेव्हा राणीचं काम करणाऱ्या नायिकेच्या जागी लढायला तिला बोलावणं आलं. डोक्यावर सोनेरी केसांचा टोप, कॅमेऱ्याकडे पाठ. शेवटच्या दिवशी दिग्दर्शकाला ठिणग्या हव्या होत्या, म्हणून लाकडी तलवारी जाऊन लोखंडी आल्या. तिनं वार अडवला आणि ठरल्याप्रमाणे थांबली. समोरचा नायक थांबला नाही. उजव्या हाताची तीन बोटं कायमची आखडली.

इस्पितळात बापानं एवढंच विचारलं होतं, "पवित्रा ढिला सोडलास ना?"

"नाही, पापा. चूक त्याची होती."

"पवित्रा नीट असता, तर हाताला लागलंच नसतं."

त्यानंतर घरात विषय निघाला नाही. पण क्लबात त्यांनी तिला पुन्हा शिकवू दिलं नाही. ती खुर्च्या मांडायची, मुखवटे पुसायची. सिनेमा लागेल, चूक कुणाची ते पापा आपल्या डोळ्यांनी बघतील, एवढ्यावर तिनं दिवस काढले.

"आता बघा," ती म्हणाली.

राणी पायऱ्यांवर आली. दोन पावलं मागे, एक पुढे. नेलिदाचीच पाठ, नेलिदाचाच खांदा. तिनं वार अडवला. नायकानं पुन्हा तलवार उगारली, आणि पडदाभर नायिकेचा रागावलेला चेहरा आला. त्यानंतर एकदम नायक जमिनीवर आडवा. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

"हात दिसलाच नाही."

"तेवढा भाग कापलाय त्यांनी, पापा."

खेळ संपला, दिवे लागले, तरी मास्तर उठले नाहीत. झाडूवाली त्यांच्या रांगेपर्यंत आली, तेव्हा म्हणाले, "पाय बरोबर पडले होते."

"आणि हात?"

"जे दिसलं नाही, त्याबद्दल मी काय बोलू, पोरी?"

बसमध्ये दोघंही खिडकीबाहेर बघत राहिले.

सोमवारी नेलिदा क्लबात लवकर गेली. खुर्च्यांना तिनं हात लावला नाही. भिंतीवरची एक तलवार डाव्या हातात घेऊन ती रिकाम्या जागेत उभी राहिली. मनगटात जोर नव्हता. टोक सारखं खाली झुकत होतं. जरा वेळानं दारात मास्तरांची पावलं थांबली.

"टोक वर," ते सवयीनं म्हणाले.

तिनं टोक वर उचललं. वळून मात्र पाहिलं नाही.