पंडुमाआधीचा लाडू

मरकेटोल्यात त्या दिवशी सकाळपासून कोणाचा पाय एका जागी ठरत नव्हता, आणि सोमारीबाईचा तर जमिनीलाच लागत नव्हता. नागपूरची मयुरीताई मोहाची फुलं बघायला येणार होती. आता मोह काही पहिल्यांदा विकला जाणार नव्हता. कुरखेड्याच्या बाजारात पिढ्यानपिढ्या तो दारूवाल्यांच्या पोत्यात जात आला होता. पण ही बाई मोहाचे लाडू, सरबत करून शहरात विकणारी. तिला खाण्याचा, स्वच्छ मोह हवा होता. पसंत पडला तर ती गावातच सुकवायची शेड टाकून बारमाही काम देणार होती.

बारमाही! डोंगराच्या कुशीतल्या या वस्तीनं हा शब्द ऐकलाच नव्हता. इथं पावसाळ्यात धान, उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्ता, बांबूचं काम निघालं तर निघालं. मधल्या दिवसांत माणसं घराला कडी घालून तेलंगणात मिरची तोडायला जातात. सोमारीचा मुलगा सुनिल आणि सून रंजीता आताही तिकडेच गेले होते. लग्नानंतर दोघांनी शेजारीच वेगळी चूल मांडली, पण ती पेटलेली कमी आणि विझलेलीच जास्त. त्या दाराची कडी सोमारीच्या डोळ्यांत कुसळासारखी खुपायची.

त्या कडीपायी तिनं सगळ्या गावाशी वाद घातला होता. मोहाखालचा पालापाचोळा जाळायचा, म्हणजे पडलेली फुलं वेचायला सोपी, ही आजवरची रीत. पण त्यानं फुलांना राखेचा वास लागतो. यंदा जाळ नाही, झाडाखाली हिरवी जाळी बांधायची, असं ती म्हणाली तेव्हा लोक पोट धरून हसले. "मोह का मासोळी हाय का, जाळ्यात पकडाले?" असं म्हातारा सुकलूही म्हणाला, आणि सुकलू म्हणजे गावचा भुमक, देवाचं सगळं त्याच्या हाती. पण सोमारी चिवट बाई. तिनं जाळ्या बांधून घेतल्याच. सुनिलच्या वाट्याच्या झाडाखालीही बांधली, आणि त्या झाडाचा मोह वेगळ्या टोपलीत झाकून ठेवला. गावात प्रत्येक घराचं झाड ठरलेलं. आईनं वेचला म्हणून लेकाच्या झाडाचा मोह आईचा होत नाही.

दुपारी मयुरीताई आली. मोह हातात घेतला, नाकाशी नेला, आणि तिचा चेहरा उजळला.

"अहो, राखेचा वासच नाही! असा मोह मी अजून पाहिला नव्हता."

बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. सोमारीच्या छातीत ढोल वाजायला लागला. तिनं लाडवांची परात पुढं केली. मयुरीताईनं एक लाडू उचलला, तोंडाजवळ नेला, आणि थांबली.

"तुम्हीही घ्या ना. सगळ्याच घ्या, एकत्र खाऊ."

कोणी हात पुढं केला नाही. सगळ्या बायका पायाकडं बघायला लागल्या, जणू पहिल्यांदाच पाय फुटले होते.

"सोमारीबाई, तुम्ही तरी?"

"नाई... तुमीच खा."

मयुरीताईनं लाडू परातीत परत ठेवला. आवाज मऊच ठेवला तिनं, पण त्यातला गोडवा आटला होता. "जे तुम्ही स्वतःच्या तोंडात घालत नाही, ते मी लोकांच्या मुलांना कसं खायला देऊ? काय मिसळलंय यात?"

हातातोंडाशी आलेला घास! आणि घालवला कोणी, तर सोमारीनंच. पंडुम झाल्याशिवाय, म्हणजे गावानं देवाला नवं पीक दाखवल्याशिवाय, नवा मोह कोणी जिभेलाही लावत नाही. लाडू वळताना एकीनंही बोट चाटलं नव्हतं. पाहुणीला हे बंधन नाही, ती खाईल, काम होईल, असा सोमारीचा हिशेब. वर तिनंच सगळ्यांना बजावलं होतं, शहरच्या बाईसमोर आपल्या देवाचं काढू नका, मागं एक साहेब हसून गेला होता. एकत्र खाऊ म्हणणारा पाहुणा असतो हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. स्वतःच्या शहाणपणाचा तिला असा संताप आला की लाज गळून पडली.

"मिसळलं काई नाई, ताई. आमचा पंडुम व्हायचा हाय. देवाले, धरतीले देल्याबिगर आमी नवं खात नाई. मी तुमाले सांगतलं नाई, माही चूक झाली. तुमी हासान म्हणून भेली."

मयुरीताई हसली नाही. "मग पंडुम कधी?"

"उद्या."

"उद्या मला रायपूरला पोचायचंय. संध्याकाळी वडशाहून गाडी आहे." ती जरा विचारात पडली. "न चाखता मी शब्द देणार नाही, आणि तुमच्याआधी खायचं मला बरं वाटत नाही."

सोमारी गर्रकन सुकलूकडं वळली. "भाऊ, पंडुम उद्याचा काऊन ठरला?"

"मिरची तोडाले गेलेले आज राती येतेत म्हणून. सगळ्या घरचा मूठ मूठ मोह लागते. एक घर कमी त पंडुम नाई."

"अन् सांजच्या आत आले त?"

सुकलूनं डोकं खाजवलं. "सगळे घरं आले त देवाले आज का अन् उद्या का!"

पुढचं ऐकायला सोमारी तिथं होतीच कुठं? गावात मोबाईलला रेंज नाही, ती टेकाडावर. पदर खोचून बाई अशी पळाली की कोंबड्या ओरडत बाजूला झाल्या. वर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती, आणि फोन पहिल्या वेळी लागला नाही. दुसऱ्यांदा लागला.

"सुनिल! कुठी हायेस?"

"आरमोरीले. चहा पिऊन राह्यलो."

"चहा फेक! तिथून सरका घरी ये! आजच पंडुम हाय!"

"काऊन? आगच लागली का तिथी?"

"तुह्यासाठीच लागली, बापा. ये लवकर!"

मयुरीताई थांबली. सुकलूनं देवाच्या झाडाखाली सारवून घेतलं. ऊन कलायला लागलं तशी ती घड्याळाकडं बघू लागली, आणि सोमारी रस्त्याकडं. शेवटी वळणावर धूळ उठली. गाव ओरडतच धावलं. मिरचीवाल्यांची पिकअप थांबायच्या आधी सुनिलनं उडी मारली होती.

प्रत्येक घरानं पुढं येऊन मूठ मूठ मोह देवापुढं ठेवला. सुनिलची पाळी आली तेव्हा तो रिकाम्या हातानं उभा राहिला. दोन महिने मिरचीत काढलेल्या माणसाजवळ मोह कुठून असणार? सोमारीनं झाकलेली टोपली त्याच्यापुढं धरली.

"घे. तुह्याच झाडाचा हाय."

सुनिलनं मूठ भरून देवापुढं ठेवली. सुकलूनं हात जोडून पितरांना बोलावलं, धरतीला दिलं, आणि मग परात फिरली. मयुरीताईनं सगळ्यांसोबत लाडू खाल्ला, न विचारता दुसरा घेतला आणि भरल्या तोंडानंच म्हणाली, "ठरलं! मोह अजून पडतोय. उद्यापासूनच ताडपत्र्या टाका, शेड मागून येईल. मला मात्र वर्षभर इथं राहणारी माणसं हवीत."

लोकांनी असा गलका केला की झाडावरचे पोपट उडाले. सोमारी हसत होती आणि डोळे पुसत होती.

तेवढ्यात पिकअपचा भोंगा वाजला. ड्रायव्हर हेमराज खिडकीतून ओरडला, "पंडुम आजच झाला न? मंग बसा सारे! दुसरी तोड बाकी हाय. रातीच निघू, उद्याची मजुरी वाचते!"

सोमारीचं हसू तिथंच विरलं. उद्या पंडुम असता तर पोरं निदान रात्रभर तरी घरी राहिली असती. तीही रात्र तिच्याच घाईनं गेली. लाडू खाऊन झाला, सण झाला, आणि गाडी तयार. मागच्या वर्षी तिनं थांब म्हटलं तेव्हा सुनिल म्हणाला होता, "पाहू, पुढच्या सालापासून." बारमाही काम तिनं मिळवलं होतं, पण लेकाचा हात धरून बसवणं तिच्या हाती नव्हतं.

सुनिल गाडीकडं चालू लागला. दोघे-तिघे चढलेही. तो फाळक्याशी थांबला, हातातला उरलेला लाडू बघत राहिला. रंजीता त्याच्या मागून आली. मिरचीनं तिची बोटं लाल झाली होती, सुजली होती. तिनं गाडीत हात घालून आपली दोघांची वळकटी ओढली आणि धपकन खाली टाकली.

"का करून राह्यली?" हेमराज ओरडला.

"माह्या हाताची आग होऊन राह्यली," रंजीता म्हणाली. "तू जा, भाऊ."

हेमराजनं सुनिलकडं बघितलं. सुनिलनं लाडू तोंडात टाकला, वळकटी खांद्यावर घेतली आणि घराकडं वळला. गाडी भोंगा वाजवत निघाली. सोमारी त्यांच्या पुढं धावली, आणि सुनिलच्या दाराची कडी तिनंच काढली.