बदकाच्या अंड्यांचा केक

व्हर्ना हॉस्किन बारा वर्षांची होती. गव्हाच्या त्या कोरड्या मुलखात वर्षाकाठी एकदा कृषी प्रदर्शन भरे, आणि यंदा मुलांच्या स्पंज केकचं पहिलं बक्षीस तिला हवंच होतं. शाळेतून आली की ती चुलीला चिकटे. दोन केक बसले, एक करपला. सगळे कुत्र्याने खाल्ले. बदकाची अंडी घालून केलेला शेवटचा केक मात्र असा फुलला, की वडिलांनी टोपी काढून त्याला सलाम ठोकला. आई शेजारीच विणत बसली होती. "जमलं गं तुला," एवढंच म्हणाली.

परीक्षक होत्या मिसेस पास्को. त्यांच्याच नवऱ्याची जमीन हॉस्किन मंडळी अर्धेलीने कसत. स्पर्धेत त्यांची नात ग्वेनिथही होती. व्हर्नाच्या केकचा घास घेऊन त्या सगळ्या बायकांदेखत म्हणाल्या, "हे पोरीच्या हातचं नाही. थेल्मा, तू केलास ना?"

आईने हातमोज्याची बोटं ओढली. "तिला हौस फार... मी जरा हात लावला."

"हात लावलास की केलास?"

"केला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. पहिल्या बक्षिसाची निळी फीत ग्वेनिथच्या केकला लागली.

परतताना गाडीत व्हर्ना म्हणाली, "आई, खोटं का बोललीस?"

"पेरणीआधी जमिनीचा करार संपतोय. केक खाऊन जगशील?"

वडील रस्त्याकडे बघत गाडी हाकत राहिले.

करार पुन्हा झाला. शाळेत पोरं विचारू लागली, "काय गं, आजची गणितंही आईनेच केली का?" व्हर्नाने पुन्हा चुलीला हात लावला नाही. पंधराव्या वर्षी शहरात कापडाच्या दुकानात लागली, ती सणालाही क्वचितच घरी यायची.

तिच्या लग्नाच्या जेवणात आई रंगात आली. व्याह्यांना म्हणाली, "ही लहानपणापासूनच बिलंदर हं! माझा केक स्वतःच्या नावावर खपवायला निघाली होती."

सगळे खो खो हसले. व्हर्नाने आईच्या डोळ्यांत पाहिलं. निदान ओशाळेपणा तरी दिसेल, असं तिला वाटलं. तिथे काहीच नव्हतं. आईला ते आता खरंच वाटत होतं.

तिने वडिलांकडे पाहिलं. ते ताटातला बटाटा काट्याने बारीक कुस्करत राहिले.