खुर्चीलाही झालेला रोग

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पडद्यावर नुकताच काढलेला कापडदुकानदाराचा फोटो उमटला आणि "अगं बाई!" असा एकच गलका झाला. दुकानदाराच्या चेहऱ्याभोवती दुधाळ उजेडाचं वलय होतं आणि छातीवर तळहाताएवढा काळपट डाग.

"बघा, बघा!" व्यासपीठावरून तेजबाबा गरजला. "डॉक्टरांचं मशीन हाडं दाखवतं, माझा कॅमेरा आत्मा दाखवतो! हा डाग म्हणजे रोग. सात दिवस औषधं बंद, माझं मंतरलेलं पाणी चालू. आठव्या दिवशी डाग शोधून दाखवा!"

मग त्याने आधीच्या रुग्णांचे जोडफोटो दाखवले. दुसऱ्या फोटोत वलय तेच, डाग मात्र गायब. टाळ्या थांबता थांबेनात.

मागच्या रांगेत कॅमेरे दुरुस्त करणारा एक माणूस डोकं धरून बसला होता. शेजारी त्याची वहिनी. आई गेल्यावर हिनेच त्याला लहानाचं मोठं केलं, आणि बाबाच्या सांगण्यावरून इन्सुलिन बंद केल्याचा आज तिचा सहावा दिवस होता. काल ती स्वयंपाकघरात भिंत धरून चालत होती. समजावून समजावून त्याचा घसा बसला होता.

"भाऊजी, परवा माझा दुसरा फोटो," ती म्हणाली. "डाग गेलेला असेल, बघा तुम्ही."

एवढ्यात बाबा कॅमेरा मिरवत रांगांमधून आला. लेन्सच्या तोंडाशी नळाच्या पाइपचा काळा रंगवलेला तुकडा, त्यावर लाल टेपचे तीन वेढे, टेपचं टोक आत दुमडलेलं. दुरुस्तीवाल्याने मान पुढे काढून नीट पाहिलं. टोक दुमडायची सवय त्याचीच! गेल्या वर्षी वाचनालयात त्यानेच फुकट वर्ग घेतला होता. महागडी लेन्स परवडत नाही? पाइपचा तुकडा घ्या, पुढे साधी काच बसवा, काचेच्या कडेला व्हॅसलीन फासा, उजेड मऊ पसरतो. टोक दुमडा, सोडवायला सोपं जातं. तेव्हा बिनदाढीचा हाच बाबा पहिल्या बाकावर वहीत सगळं टिपून घेत होता!

स्वतःचाच राग येऊन तो उठला. "बाबा, माझ्या या रिकाम्या खुर्चीचा एक फोटो काढा."

"निर्जीव वस्तूला आत्मा नसतो, बाळा."

"मग वलय येणारच नाही. भ्यायचं कशाला?"

बाबा कॅमेरा छातीशी धरून मागे सरकला. "आण इकडे," म्हणत कापडदुकानदारानेच तो ओढून घेतला आणि बटण दाबलं. पडद्यावर खुर्ची आली. भोवती वलय, पाठीवर डाग.

"अहो, खुर्ची आजारी पडली!" कुणीतरी ओरडलं.

दुरुस्तीवाल्याने टेपचं टोक धरून एका झटक्यात वेढे सोडवले आणि काच वर धरली. कडेला व्हॅसलीनचा थर, मधे काजळाचं बोट उमटलेलं. "नव्या माणसाला काजळ लावायचं, दुसऱ्यांदा आला की पुसायचं. एवढीच विद्या." त्याने सदऱ्याच्या टोकाने काजळ पुसलं, काच परत बसवली, फोटो काढला. डाग गेला. "खुर्ची बरी झाली. पाणीसुद्धा प्यायली नाही."

"अश्रद्ध हात लागला की यंत्र बिघडतं!" बाबा किंचाळला, आणि कमाल म्हणजे चार माना डोलल्यासुद्धा. दुरुस्तीवाल्याला फार थकवा आला.

"श्रद्धा ठेवायची तर ठेवा," तो म्हणाला. "पण कुणी चमत्कार दाखवला तर आधी म्हणा, हाच खुर्चीवर करून दाखव. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. हात जोडतो."

तो जागेवर आला तर वहिनीचा चेहरा उजळलेला. "म्हणजे भाऊजी, माझा डाग खोटाच? मला काहीच झालेलं नाही?"

तो तिच्या शेजारी बसला. "डाग खोटा, वहिनी. साखर खरी आहे. ती रक्तात असते, फोटोत दिसत नाही."

तिचे डोळे भरून आले. "बारा वर्षं टोचून घेतेय हो. वाटलं, सुटले एकदाची."

"मला कळतं, वहिनी," तो म्हणाला आणि तिचा हात धरून तिला दवाखान्यात घेऊन गेला. बोटातून रक्ताचा थेंब काढला. मशीनवर पाचशेच्या वरचा आकडा आला. डॉक्टरांनी तो तिच्यासमोर धरला. वहिनीने तो दोनदा वाचला आणि मग कुणी सांगायच्या आत स्वतःच बाही वर केली.