आबांची पहिली घागर

“हिलाल, मासे सोड टाकीत. तपासणीचे साहेब नाक्यावर आले,” सुपरवायझर प्रेमराज ओरडला.

मी सोडले. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या आमच्या केंद्रात शेवटच्या टाकीत मासे पोहताना दिसले की पाणी स्वच्छ झालं म्हणायचं! आजचं पाणी मात्र टँकरचं. खरं पाणी महिनाभर तसंच काळं नदीत जातंय. हवा सोडणारं मशीन बंद पडलं आणि शेण-गूळ घालून लेकरांसारखे वाढवलेले माझे जंतू गुदमरून मेले. आता घाण खाणार कोण? मशीनसाठी मी बोंबलून बोंबलून थकलो. “वर कळवलंय,” एवढंच उत्तर.

साहेबांनी माशांचा फोटो काढला, चहा घेतला, गेले. मी समोरच उभा होतो. तोंड उघडलं नाही. आग लागो असल्या नोकरीला!

आमचं गाव त्याच नदीच्या खालच्या अंगाला. केंद्र सुरू झालं तेव्हा मीच छाती फुगवून सांगत सुटलो होतो, आता बघा नदी कशी होते. गाव विसरलं, माझी माय पुष्पाबाई तेवढी विसरली नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावानं पाण्याची घागर पुजतात, वर खरबूज ठेवतात. माझे वडील, आबा, गेले त्यानंतरची ही पहिलीच आखाजी. सकाळी पाहतो तर घागर भरलेली.

“माय, पानी कोठलं?”

“नदीनी वाळूमा झिरा खंदा, तठलं. तुना आबाले तेच गोड लागे. तूच सांगेल शे ना, नदी साफ व्हयनी म्हनीसन?”

कुंकू लावायला ती वाकली आणि तशीच थांबली. वास तिलाही आला.

“माय, मशीन बंद शे. महिना व्हयना.”

“तुले माहीत व्हतं?”

“व्हतं.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं घागर उचलली, उकिरड्यावर उपडी केली, राखेनं घासघासून धुतली.

“जाय, दुकानवरथून पानीना जार लई ये.”

मी आणला. तिनं घागर भरली, खरबूज ठेवलं आणि डोक्यावर पदर घेऊन आबांच्या फोटोकडे पाहिलं.

“यंदा इकतनं पानी पी ल्या. तुमना पोऱ्या नदी साफ कराना कामवर शे.”

मग तिनं मला हात जोडायला सांगितलं. मी जोडले.