सकाळचं लामोगुन

अठरा दिवस झाले, गल्लीत वीज नव्हती. ट्रान्सफॉर्मर धडामकन फुटला, दोन माणसं शिडी घेऊन आली, वर बघून चुकचुकली आणि गेली ती गेलीच. तेव्हापासून नायजेरियातल्या बेनिन शहराच्या त्या टोकाला ज्याच्याकडे जनरेटर तो राजा, बाकीचे घामाघूम.

ओमोसेदेकडे जनरेटर होता. एका हातानं उचलावा एवढासा, पण आवाज असा की कानठळ्या बसाव्यात. पोर्ट हारकोर्टला नोकरी करणाऱ्या तिच्या लेकानं, एघोसानं, तो आईच्या फ्रीझरसाठी धाडला होता. त्या फ्रीझरमधले बांगडे विकूनच तिचं पोट चालायचं. वाटणी ठरलेली होती : दिवसा सासूचा फ्रीझर, रात्री आणि पहाटे अंगणापलीकडच्या बिऱ्हाडात सुनेचं, अमेन्झेचं, शिलाई मशीन. शनिवारी कुणाचंसं उत्तरकार्य होतं, आणि अख्ख्या भावकीचे एकसारखे झगे अमेन्झेला शिवून द्यायचे होते.

काल संध्याकाळी ठिणगी पडली. आदल्या रात्री शेजारच्या आवारातला जनरेटर चालू असताना चोरीला गेला होता. चोरही असले बिलंदर, की त्याच्या जागी एक मोडकं इंजिन फटफटत ठेवून गेले. मालक आवाज ऐकत निवांत घोरत राहिला.

“ऐकलंस ना?” ओमोसेदेनं सुनेला दारातच गाठलं. “आणि तू माझा जनरेटर रात्रभर अंगणात सोडतेस. म्हणे साखळी लावते! साखळी बघून चोर काय नमस्कार करून परत जाणारेय?”

“मग कुठे ठेवू, आई? डोक्यावर घेऊन बसू?”

“कुठेही ठेव! पण तो गेला ना, तर मला तोंड दाखवू नकोस. दुसरी सून शोधायला मला वेळ लागायचा नाही.”

हे शेवटचं बोलायला नको होतं. तिचं तिलाही ते कळलं, पण सुटलेला शब्द मागे घ्यायचा तर आधी मान खाली घालावी लागते, आणि ते ओमोसेदेला जन्मात जमलं नव्हतं. अमेन्झेनं दार लावून घेतलं.

आता आठ वाजले होते आणि ते दार अजून बंदच होतं.

बेनिनच्या घरांत सकाळ होते ती नमस्कारानं. प्रत्येक घराण्याची साद वेगळी, यांची ‘लामोगुन’. धाकट्यांनी गुडघे टेकायचे, साद घालायची, मग थोरल्यांनी बोलायचं. लग्न होऊन आली त्या दिवशी अमेन्झेनं माहेरची साद सोडून ही उचलली. सहा वर्षांत तिचा एक दिवस चुकला नव्हता, तापानं फणफणलेली असतानाही नाही. आणि आज?

“बघू या किती ताठते ती,” ओमोसेदे स्टुलावर बसून पुटपुटली. “मी काही आधी बोलायची नाही. मी सासू आहे की तिची धाकटी बहीण?”

फ्रीझरखालून पाण्याचा ओघळ दारापर्यंत आला होता. सातलाच जनरेटर तिच्याकडे यायचा. त्याचा आवाज मात्र पहाटेपासून येत होता, दबका, घराच्या मागून आल्यासारखा. माझंच पेट्रोल जाळते आणि मलाच गुर्मी दाखवते! तिनं मुद्दाम मोठ्यानं घसा खाकरला. मुद्दाम पातेलं आपटलं. दार हललं नाही.

मग तिच्या लक्षात आलं, की जनरेटर ऐकू येतोय, पण शिलाई मशीन नाही.

असेल, चहा पीत असेल. पण ईव्ही? चार वर्षांची नात आईचं भांडण थोडीच मानायची! रोज ती अर्धवट झोपेत, उघड्या पायांनी धावत यायची, एकच गुडघा टेकायची आणि “लागोमुन, आजी” म्हणायची. उलटसुलट म्हणायची म्हणून ओमोसेदे रोज रागवायची आणि रोज भज्याचा तुकडा हातावर ठेवायची. आजचा तुकडा बशीत गार होऊन पडला होता.

ती उठून अंगणात गेली. खांबाला नुसती साखळी लोंबत होती.

“ओदिया!” फाटकापाशी पंक्चर काढणाऱ्या ओदियाला तिनं अशी हाक मारली, की तो हातातलं टायर टाकून धावला. “जनरेटर आत आहे रे! बंद घरात आहे!”

त्या धुरानं झोपेतच घरंच्या घरं गेल्याचं त्या शहरात कुणाला ठाऊक नव्हतं? ओमोसेदेलाही ठाऊक होतं. कुठेही ठेव म्हणाली तेव्हाही ठाऊक होतं.

ओदियानं तीन लाथांत दार पाडलं. आत पेट्रोलचा उग्र भपकारा. स्वयंपाकघरात ओट्याखाली जनरेटर धडधडत होता. वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली होती, तेवढी पुरेल म्हणून. अमेन्झे मशीनवर, अर्धवट शिवलेल्या झग्यावर डोकं टेकून पडली होती. ओदियानं तिला खांद्यावर घेतलं. ओमोसेदेनं चटईवरची ईव्ही उचलली. पोरीची मान लुळी पडली होती.

अंगणात, उघड्यावर, ईव्ही दोनदा ओकली आणि भोकाड पसरून रडायला लागली. एवढं गोड रडणं ओमोसेदेनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. अमेन्झे मात्र हलेना. श्वास होता, पण असून नसल्यासारखा. ओदिया गाडी बघायला रस्त्यावर पळाला.

ओमोसेदेनं मातीत गुडघे टेकले. दोन्ही. सासू सुनेपुढे अशी बसलेली त्या गल्लीनं कधी पाहिली नव्हती. बायका तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. बघू देत.

“लामोगुन,” ती म्हणाली. “अगं, लामोगुन. मी म्हणतेय, ऐक ना. ऊठ गं बाई माझे. चुकलं माझं. लामोगुन, अमेन्झे.”

गाडी फाटकाशी येऊन थांबली तेव्हा अमेन्झेच्या पापण्या हलल्या. तिनं सासूकडे पाहिलं, पण ओळखायला तिला वेळ लागला. मग ओठ हलले. ओमोसेदेनं कान अगदी जवळ नेला.

“आई,” अमेन्झे म्हणाली, “जनरेटर आत घेतलाय. नाही गेला चोरीला.”