रोवण्यातलं नाटक

"काहून उभ्या झाल्या वो साऱ्या? साप निंगाला का?"

धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, पुंडलिकराव ओरडले. शेत त्यांचं आणि धानाच्या लावणीचा हा रोवणाही त्यांचाच, तेव्हा ओरडण्याचा हक्कही त्यांचाच. बांधीत, चिखलपाण्याच्या त्या वाफ्यात, बायांची अख्खी ओळ ताठ उभी होती. हातातल्या पऱ्ह्यांच्या, धानाच्या कोवळ्या रोपांच्या, पेंढ्यांतून पाणी गळत होतं आणि साऱ्यांचे डोळे धुऱ्यावर ठेवलेल्या एका निळ्या स्पीकरकडे लागले होते.

"चूप राहा ना भाऊ जरासे," निर्मलाबाई म्हणाली. "बाप आला हाये नाटक पाहाले!"

कुणाचा बाप, कुठलं नाटक, पुंडलिकरावांना काही उमजेना. ओळीच्या टोकाला उभ्या देवकाबाईला मात्र सगळं उमजत होतं. स्पीकर तिच्या सुनेचा, राखीचा होता, पण त्यावर चाललेलं नाटक तिनं स्वतः निवडलेलं. भर मांडवातून पळून गेलेली एक मुलगी नाटक कंपनीत नटी होते. पुढे एकदा तिचाच बाप, ती कोण हे न जाणता, तिकीट काढून पहिल्या रांगेत येऊन बसतो. आता तो तिला ओळखतो की नाही, एवढ्यात हे पुंडलिकराव.

टोळीची म्होरकी गोदावरीबाई चिखल तुडवत धुऱ्यावर गेली आणि तिनं स्पीकर बंद केला. बायांच्या तोंडून असा काही हुंकार निघाला की पुंडलिकराव दोन पावलं मागे सरले.

"गान्यानं हात चालते, देवका," गोदावरीबाई म्हणाली. "नाटकानं हात थांबते. हे डबडं उद्या घरीच ठेवजो."

देवकाबाईनं मान हलवली. पुंडलिकरावांचं ओरडणं तिला लागलं नव्हतं, हे मात्र लागलं.

कारण टोळीची गाणी उचलायची ती देवकाबाईनंच. वाकल्या वाकल्या ती पहिली ओळ म्हणायची, बाकीच्या बाया दुसरी ओळ द्यायच्या आणि त्या चालीवर पऱ्हे चिखलात जायचे. मंडईच्या जत्रेत एखादं नवं गाणं कानावर पडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी ते साऱ्या मोहल्ल्याला पाठ झालेलं असायचं. कानावर पडलेलं चांगलं काही पोटात ठेवणं तिला जमायचंच नाही. मग हिवाळ्यात गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, गाठ गेली, जीव वाचला. आवाज तेवढा गेला. उरली ती कुजबुज, आणि तीही कानाशी तोंड नेल्याशिवाय ऐकू जायची नाही.

देवकाबाईला याची तक्रार नव्हती. जीव वाचला हेच खूप, असं ती मनापासून मानायची. पडून राहायच्या दिवसांत राखीनं तिला मोबाईलवर काय काय लावून दिलं: भजनं, दंडारीच्या खेळांची रेकॉर्डिंग आणि नुसती ऐकायची नाटकं. त्या नाटकांनी तर तिला वेडच लावलं. बिनामेकअपचे, बिनापडद्याचे राजे आणि चोर तिच्या खाटेभोवती वावरू लागले. पण आनंद झाला तरी सांगायचा कुणाला? आणि सांगायचा कसा?

रोवण्याचे दिवस आले तेव्हा गोदावरीबाई स्वतः बोलवायला आली होती. "पाय चालते ना? हात चालते ना? मंग येजो." देवकाबाईला तेवढ्यानं भरून आलं. पण मनात भीती होतीच. हात साऱ्यांचेच चालतात, तिचे तर आता जरा हळूच चालायचे. गाणं होतं तोवर ते खपून गेलं. नुसत्या हळू हातांसाठी टोळी आपल्याला किती दिवस ठेवणार? म्हणून तिनं स्पीकर आणला होता. आपल्याला सांगता येत नाही तर मशीन सांगेल, एवढाच तिचा हिशेब. तो पार चुकला.

निर्मलाबाईनं मोबाईलवर गाणी लावून पाहिली. तीही जमेनात. चिखल खोल लागला, पाय रुतला, की माणसाचं गाणं थोडं लांबतं. मोबाईलचं गाणं कुणासाठी थांबत नव्हतं. ते पुढे निघून जायचं आणि ओळ वाकडी व्हायची. शेवटी तेही बंद झालं. दुपारपर्यंत मुक्यानंच रोवणा चालला. हायवेवरचे ट्रक तेवढे ऐकू येत होते. उद्यापासून यायचंच नाही, असं देवकाबाईनं मनाशी ठरवून टाकलं.

जेवायला बाया धुऱ्यावर बसल्या. शिदोऱ्या उघडल्या, पण घास कुणी उचलेना.

"मावशी, आता तं लाव," निर्मलाबाई म्हणाली. "बाप ओळखते का नाही? मले भाकर नाही जाऊन राहिली घशाखाली."

देवकाबाईनं गोदावरीबाईकडे पाहिलं.

"माह्या तोंडाकडे काय पाह्यते?" गोदावरीबाई म्हणाली. "लाव. मी का पोराबाळाची नाही?"

देवकाबाईनं नाटक लावलं. पाणी पाहायला आलेले पुंडलिकराव पाणी न पाहता तिथंच बसले. रंगवलेल्या तोंडावरून बापाला काही ओळखू येत नाही. मग मुलगी एक वाक्य बोलते आणि तो आवाज ऐकून बाप उभाच राहतो. पडद्यामागे जातो. आता मारतो की काय, असं वाटत असताना लेकीला एवढंच विचारतो, "जेवलीस का?"

निर्मलाबाईनं पदर डोळ्यांना लावला. आवाजावरून ओळखलं, हे वाक्य प्रत्येकीच्या मनात एकाच वेळी आलं असावं, कारण देवकाबाईकडे कुणीच पाहीना.

शेवटी निर्मलाबाईच बोलली. "मी तं सैपाक करता करता पोवाडे आयकतो, मावशी. बुवा लय जोरात म्हनते. भाजीच लागते बुडाले."

"मले भजन पायजे होतं," गोदावरीबाई म्हणाली. "नातीनं मले ढोलकीचं गानं लावून देल्लं. पह्यले रागावली मी. आता रोज तेच आयकून राहिली."

"मी पान्याच्या मोटारीपाशी बसून बासरी आयकतो," पुंडलिकराव एकदम म्हणाले. "घरी नका सांगू पन."

बाया खदखदून हसल्या. प्रत्येक जण देवकाबाईकडे तोंड करून सांगत होता, जशी तीच साऱ्यांच्या गाण्यांची मालकीण. आपणच काहीतरी दिलं पाहिजे, असं सकाळपासून तिला वाटत होतं. आणि इथं तिच्याच ओटीत सगळे आपापलं आणून टाकत होते. तिला बरं वाटलं, खूप बरं वाटलं.

"नाटक उद्या बी आनजो," उठता उठता गोदावरीबाई म्हणाली. "पन जेवनाच्या वक्ताले."

शेवटची बांधी उरली होती. बाया ओळीनं वाकल्या. गाण्यासाठी निर्मलाबाईनं तोंड उघडलं, तोच गोदावरीबाई म्हणाली, "तू थांब. देवका, उचल."

देवकाबाईनं गळ्याकडे बोट दाखवलं.

"मालूम हाये मले. तू उचल. आमी पाहून घेऊ."

देवकाबाई वाकली. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. ओळीतल्या साऱ्या बाया ती पहिली ओळ संपेपर्यंत थांबल्या. ती किती लांब आहे हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. तेवढे पऱ्हे चिखलात गेले आणि मग सगळ्यांनी मिळून दुसरी ओळ दिली, जोरात. पुन्हा थांबल्या. पुन्हा दिली.

देवकाबाईच्या मनात आलं, यांना हात जोडावेत. पण दोन्ही हातांत पऱ्हे होते. ती पुढची ओळ म्हणू लागली.