वेदिकाची गाडी

"आधी तो ब्लेड खाली ठेव!" केरू ओरडला.

रुग्णवाहिकेच्या पत्र्यावरची जुनी अक्षरं खरवडायला निघालेला अजिंक्य दचकला. तो तालुक्याचे पुढारी असलेल्या दादांचा माणूस. दादांचं सगळं तोच बघायचा.

"पत्रा काय तुझ्या दादांचा हाय?"

"आता दादांचाच समजा, काका. नवं इंजिन त्यांनी बसवलंय. संध्याकाळी कार्यक्रम आहे. त्याआधी हे नाव काढा आणि त्यांचा फोटो लावा. सोपं काम आहे."

सोपं काम! केरूच्या अंगाचा तिळपापड झाला. साळवी स्टॉपजवळच्या त्या एका गाळ्यात तीस वर्षं तो गाड्यांवर रेडियमची अक्षरं लावत आणि काढत आला होता. संसार मोडला की रिक्षावरचं बायकोचं नाव काढायला लोक यायचे, गाडी विकली की गावदेवीचं. त्याला कधी काही वाटलं नव्हतं. पण 'कु. वेदिका हिच्या स्मरणार्थ, समस्त मच्छीमार, नाटे' ही ओळ आठ वर्षांपूर्वी त्याने स्वतः कापून लावली होती.

वेदिका ही जानू तांडेलाची मुलगी. अकराव्या वर्षी तिला साप चावला आणि गाडी मिळेपर्यंत ती गेली. त्यानंतर नाटे गावातल्या होड्यांवर मासळीची वाटणी करताना होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तसा एक वाटा वेदिकाचा निघू लागला. दोन हंगाम निघाला. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांनीसुद्धा तो काढला. त्यातून ही गाडी उभी राहिली, तेव्हा कुठल्या दादाचं बोटही तिला लागलं नव्हतं.

जानूने होडी सोडली आणि तो ही गाडी चालवू लागला. आताही तोच घेऊन आला होता आणि बाकड्यावर गप्प बसला होता. केरूला त्याचाच जास्त राग आला.

"तोंड शिवलास काय रे? तुझ्या पोरीचा नाव हाय ता!"

"माहीत हाय."

"मग सांग ह्याला, चालता हो म्हणून!"

जानू उठला नाही. "चार महिने गाडी बंद व्हती, केरू. वर्गणी काढली, पुरली नाय. गेल्या महिन्यात यमुनाबायला टेम्पोत घालून निघालो. वाटेत आडिवऱ्यापर्यंत पण जिती पोचली नाय. तिचा डोका माझ्या मांडीवर व्हता. दादांनी इंजिन दिलानी, डिझेल पण देतो म्हणालेत. नावाची अट घातलीनी. मी व्हय म्हटला. राजापुरात हे ब्लेडने खरवडणार व्हते. मीच म्हटला, केरूकडे नेतो."

केरूने अजिंक्यलाच चार शिव्या हासडल्या आणि हीट गन आणायला आत गेला.

उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने अक्षरं कडक झाली होती. गरम हवा देऊन नखाने कड उचलली की नखाएवढाच तुकडा हातात यायचा. एका 'वे'ला दहा मिनिटं गेली. वेदिकाचं काम म्हणून त्याने तेव्हा मुंबईहून सगळ्यात भारी माल मागवला होता. दहा वर्षं हलणार नाही, असं साऱ्या गावासमोर छातीठोकपणे सांगितलं होतं. आता तो त्याच मालाला शिव्या घालत होता आणि मनातून स्वतःलाही.

"काका, जरा हात चालवा ना," अजिंक्य घड्याळ बघत म्हणाला.

"तुझ्या दादांचा थोबाड चार दिवस उशिरा लागला तर समुद्र आटणार नाय!"

दुपार कलली तेव्हा शेवटचं अक्षर निघालं. खाली पिवळट गम राहिला होता. तो केरूने रॉकेलच्या फडक्याने पुसला. अजिंक्यने लगेच फोटोची गुंडाळी सोडली. हात जोडलेले दादा पुरुषभर लांब होते.

"आता हे लावा."

"काढायचा सांगितलास, काढला. लावणार नाय."

"दुप्पट देतो."

"पुढच्या दुकानात जा. थोबाड चिकटवायला अक्कल लागत नाय!"

अजिंक्य गुंडाळी काखेत मारून, फोन कानाला लावून तणतणत पुढच्या दुकानाकडे गेला. जाताना जानूला गाडी तिकडे आण म्हणाला.

जानू उठला. गाडीजवळ जाऊन त्याने मोकळ्या पत्र्यावरून तळवा फिरवला. मध्येच हात अडला.

"हय अजून चिकटता हाय."

जानूने फडका उचलला, रॉकेलमध्ये बुडवला आणि वाकून तेवढीच जागा पुसू लागला. तो फडका त्याच्या हातातून हिसकावून घ्यावा असं केरूला वाटलं, पण त्याला ते जमलं नाही. हात सरळ सरकायला लागला तेव्हा जानूने फडका पिळला, घडी करून केरूकडे दिला आणि गाडीत जाऊन बसला.